आयर्विनची पातळी आणि सत्राचं वेळापत्रक

प्रश्न असा आला आहे : "मी पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पूर आला की दोन-तीन आठवडे जातात आणि उरलेल्या दिवसांत अभ्यासक्रम पळवावा लागतो. करोनात तर सगळंच मोबाइलवर गेलं. अशा काळात शिक्षणाचा दर्जा टिकवायचा म्हणजे विभागाने नेमकं काय करायचं? प्राचार्यांनी मला आराखडा लिहायला सांगितलाय."

मॅडम, मी सांगलीत एकतीस वर्षं हाच विषय शिकवला. शेवटची काही वर्षं आयक्यूएसीचं, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्तेवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षाचं, कामही गळ्यात होतं. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले, मधे करोना आणि करोनाच्या शेपटाला एसटीचा संप. आराखडेही बरेच लिहिले. त्यातले निम्मे फाइलमध्ये शोभून दिसतात, त्यांचा दुसरा उपयोग झाला नाही. तेव्हा प्रत्यक्षात कामी आलं तेवढंच सांगतो, आणि जिथे मी स्वतः चुकलो तेही.

करोनानंतर महाविद्यालयं उघडली २० ऑक्टोबर २०२१ ला. पुढच्याच आठवड्यात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची पहिली बॅच प्रॅक्टिकलला आली. प्रयोग मुद्दाम साधा ठेवला होता, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं टायट्रेशन, अकरावीतलं. एक मुलगी होती, पहिल्या वर्षाला नव्वदच्या पुढे गुण. अकरावी-बारावी 'इंटिग्रेटेड'ला, म्हणजे खासगी क्लासशी जोडलेल्या कॉलेजात केलेली, जिथे प्रयोगशाळेचं कुलूप क्वचितच निघतं, आणि पहिलं वर्ष सगळं मोबाइलवर. ती ब्युरेटसमोर, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडायच्या मापाच्या नळीसमोर, उभी राहिली आणि उभीच राहिली. मग उजव्या हाताने तिचा कॉक, म्हणजे तोटी, धरला, डाव्या हातात फ्लास्क, तोही न हलवता. एका जागी गुलाबी आलं, गेलं, आणि बघता बघता फ्लास्क गडद राणी रंगाचा झाला. रीडिंग घेताना टाचा उंचावून द्रावणाची वरची कड वाचली, वाचायची असते खालची. वहीत मात्र तीन रीडिंग लिहून मोकळी : १०.०, १०.०, १०.०. सीबीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं ब्युरेट रीडिंग, १०.०.

मी म्हटलं, "अगं, तू तर एकदाच केलंस."

ती म्हणाली, "सर, पीडीएफमध्ये असंच होतं."

ती पीडीएफ मीच पाठवली होती. वर्षभर मुलं ती उतरवून काढत होती, फोटो पाठवत होती आणि मी 'चेक्ड' असं लिहून गुण देत होतो. तिने फसवणूक केली नव्हती. आम्ही जे मागितलं ते तिने नीटनेटकं करून दिलं होतं. त्या वर्षीचा आमचा अहवाल पाहिलात तर अभ्यासक्रम शंभर टक्के पूर्ण, निकाल उत्तम, ऑनलाइन तासांची संख्या डोळे दिपवणारी.

म्हणून आराखड्याच्या पहिल्या ओळीत एवढंच लिहा, की काहीही झालं तरी दोन गोष्टी तोडायच्या नाहीत. विद्यार्थ्याने दर आठवड्याला स्वतःच्या हाताने, स्वतःच्या डोक्याने एक तरी काम करायचं, आणि ते काम कुणीतरी खरोखर वाचून, चूक दाखवून परत द्यायचं. तासांची संख्या, स्लाइड, व्हिडिओ, चाचण्या हे वेळ पडली तर कमी करता येतं. मी बरोबर उलटं केलं होतं. तास एकही बुडू दिला नाही आणि तपासणी सोडून दिली.

आता पुराचं. तुमच्याकडे पूर अचानक येत नाही, हे आपलं त्यातल्या त्यात भाग्य. कोयनेचा विसर्ग वाढला, पाणलोटात पाऊस धरून राहिला की सगळा जिल्हा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारत बसतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गवळ्यापासून सराफापर्यंत प्रत्येकाचं त्या आकड्यांवर काय करायचं ते ठरलेलं असतं, कुठल्या फुटाला जनावरं हलवायची, कुठल्या फुटाला दुकान रिकामं करायचं. फक्त महाविद्यालयं कलेक्टरसाहेबांच्या सुट्टीच्या आदेशाची वाट पाहतात. आम्ही २०१९ नंतर विभागाच्या भिंतीवर वेळापत्रकाशेजारी एक कागद लावला. त्यावर तीनच आकडे होते, ३५, ४० आणि ४५.

३५ ला सामान हलवायचं. तळमजल्यावर प्रयोगशाळा असेल तर खालचं कपाट रिकामं, आणि सगळ्यात आधी सोडियमची बाटली. २०१९ ला ती खालीच राहिली होती. केरोसिनमध्ये बुडवून ठेवलेलं सोडियम, पाणी लागलं की पेट घेणारं, आणि पाणी पायरीला लागलेलं. आमचे अटेंडंट मामा रात्री बॅटरीच्या उजेडात गुडघाभर पाण्यातून गेले आणि ती बाटली पोटाशी धरून वर घेऊन आले. झाकण घट्ट होतं म्हणून निभावलं. आजही आठवलं की अंगावर काटा येतो, आणि मामांना साधं आभाराचं पत्रसुद्धा कुणी दिलं नाही. सोडियमनंतर कॅल्शियम कार्बाइड, मग तीव्र आम्लं, मग तराजू आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर. पाणी ओसरल्यावर भिजलेलं कुठलंही उपकरण 'चालतंय का बघू' म्हणून लावून बघू नका. आत गाळ असतो, एका बटणात ते कायमचं जातं.

४० ला अभ्यास घरी जातो. सुट्टी जाहीर व्हायच्या आधी, मुलं वर्गात असतानाच. प्रत्येकाच्या हातात दोन छापील पानं, त्यात एक छोटा भाग वाचायला आणि तीन प्रश्न. छापील म्हणतोय मी. पुरात वीज जाते, टॉवर बंद पडतात, आणि ज्याचं घर पाण्यात आहे तो चार्जिंगसाठी रांगेत उभा असतो. आणि हे काम पूरग्रस्त मुलांनी केलंच पाहिजे असं नाही, हेही त्या पानावरच छापा. बाकीच्यांना ते पुरतं. ज्यांचं घर गेलं त्यांच्यासाठी नंतर वेगळा आठवडा ठेवायचा.

४५ ला महाविद्यालय तुमचं राहत नाही. छावणी होते. वर्गात माणसं, व्हरांड्यात संसार, मैदानावर म्हशी. आमच्या एका प्राध्यापकांनी तेव्हाही 'शैक्षणिक वातावरण' वगैरे म्हणून कुरकुर केली होती. करू द्या. एनएसएसच्या पोरांचे वर्षाचे १२० तास त्या दहा दिवसांतच भरतात, तेवढी नोंद नीट ठेवा म्हणजे ती मुलं नंतर वर्षभराच्या नियमित उपक्रमांतून मोकळी होऊन अभ्यासाला बसतील.

ग्रंथालयाबद्दल थोडक्यात. भिजलेली सगळी पुस्तकं वाचवायला जाऊ नका. ऑगस्टच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते, आणि गुळगुळीत कागदाची पुस्तकं ओली असतानाच पान पान सुटं केलं नाही तर त्यांची वीट होते. बाजारात मिळणारी क्रमिक पुस्तकं जाऊ द्या. जुने बांधीव अंक, प्रबंध, स्थानिक इतिहासाची कुठेच न मिळणारी पुस्तकं, हात तिथे लावा. ती साफसफाई मुलांकडून फुकट करून घेऊ नका. 'कमवा आणि शिका'मध्ये तास धरा. कर्मवीरांची योजना आपल्याच मुलखातली, अडचणीच्या दिवसांसाठीच जन्मलेली, आणि आपण ती बागेला पाणी घालण्यापुरती ठेवली आहे. २०१९ ला वह्या-पुस्तकं वाहून गेलेल्या मुलांना त्या पैशांचा फार आधार झाला.

वेळापत्रकाचा घोळ मात्र पुरामुळे कमी आणि आपल्या सवयीमुळे जास्त होतो. यूजीसीच्या हिशेबाने वर्षाला ३० आठवडे अध्यापनाचे, म्हणजे सत्राला १५. पुरात तीन गेले की १२ उरतात. १२ आठवड्यांत बरंच होतं. पण आपण काय करतो? पहिलं युनिट चवीने, दुसरं बऱ्यापैकी, आणि चौथं शेवटी आहे म्हणून उरकायचं. ते शेवटी छापलंय यापलीकडे त्याचा काही गुन्हा नसतो. जूनमध्येच विभागातल्या सगळ्यांनी अभ्यासक्रमाची प्रत घेऊन बसा आणि प्रत्येक घटकापुढे एक प्रश्न विचारा : हे आलं नाही तर पुढच्या वर्षी मूल कुठे अडकेल? उष्मागतिकीचा पहिला नियम कच्चा राहिला तर दुसरं वर्ष अवघड जाणार, तिसरं त्याहून. याउलट एखाद्या संयुगाच्या औद्योगिक निर्मितीची माहिती मूल स्वतः वाचू शकतं. पहिल्या जातीचे घटक वर्गातच, कितीही वेळ लागो. दुसऱ्या जातीचे त्या ४० फुटांच्या पानांवर. विद्यापीठाच्या पेपरात दोन्ही येतात, म्हणून दुसऱ्या जातीचं प्रश्नासकट द्यायचं, नुसतं 'वाचून घ्या' म्हणून नाही. आणि प्रयोगशाळेचं महत्त्वाचं काम जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यात ठेवूच नका. शेतकरी आषाढात मळणी काढत नाही, आपण मात्र ऐन पुरात इन्स्ट्रुमेंटेशन काढतो.

प्रॅक्टिकल बारा ठरलेले असतील आणि वेळ सहांचाच असेल, तर सहा करा आणि पूर्ण करा. उरलेल्यांसाठी दिवाळीच्या सुट्टीतले दोन दिवस मागा. तेही मिळाले नाहीत तर जर्नलच्या सर्टिफिकेटवर झाले तेवढेच लिहा. बारा उतरवलेल्या प्रयोगांवर सही करण्यापेक्षा सहा केलेल्यांवर करावी. व्हर्च्युअल लॅबची साइट चांगली आहे, प्रयोगाच्या आदल्या दिवशी मुलांना दाखवायला. ब्युरेटचा कॉक किती फिरवला की एकच थेंब पडतो, हे मात्र माऊसला कळत नाही.

मोबाइलवर शिकवायची वेळ पुन्हा येईल, मग ते कारण साथ असो की संप. २०२० च्या जूनमध्ये आम्ही मुलांना विचारलं, मोबाइल आहे का? जवळजवळ सगळ्यांनी 'हो' लिहिलं. आम्ही खूश होऊन सकाळी अकराचा तास लावला. महिनाभराने एकाला फोन करून झापलं, तर तो म्हणाला, "सर, मोबाइल आहे की. पण तो घेऊन दादा कुपवाडला कामावर जातोय, रात्री आठला येतोय." प्रश्नच चुकीचा विचारला होता. मोबाइल तुझ्या हातात किती वाजता असतो, हे विचारायला हवं होतं. विचारलं तेव्हा बहुतेकांचं उत्तर आठनंतरचं निघालं. काही पोरं रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढत होती. एक म्हणाला, "सर, गोठ्यात बसून ऐकतोय, म्हशीला पण आता थोडं केमिस्ट्री कळाय लागलंय."

मग थेट तास बंद केले. रात्री नऊ वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर दहा मिनिटांची आवाजी नोंद, जोडीला हाताने लिहिलेल्या एका पानाचा फोटो आणि एक प्रश्न. ती नोंद एक-दोन एमबीत जाते. तासभराचा व्हिडिओ दिवसाच्या दीड जीबीतला मोठा हिस्सा खातो, आणि घरात तीन भावंडं शिकणारी असतात. प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून फोटो पाठवला, तीच हजेरी. साठ मुलांची उत्तरं रोज तपासणं कुणालाच जमणार नाही, म्हणून तिघांनी वीस-वीस वाटून घ्यायची आणि प्रत्येकाचं आठवड्याला एक पान नीट तपासायचं. 'चेक्ड' हा शब्द मी या उत्तरांवर तिथून पुढे वापरला नाही. चूक कुठे आहे ते एका ओळीत लिहायचं. हे आम्हाला फार उशिरा सुचलं, आणि प्रॅक्टिकलला तर लावलंच नाही, म्हणून तर वरची गोष्ट घडली.

परीक्षेचं तर विचारूच नका. २०२० च्या एप्रिलअखेर यूजीसीने सूचना काढल्या, मधल्या वर्षांना निम्मे गुण अंतर्गत आणि निम्मे मागच्या सत्रावरून. जुलैत अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्याच असं सांगितलं. राज्य सरकार नको म्हणत होतं, आणि २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी नाही हे स्पष्ट केलं. तोवर अंतिम वर्षाची पोरं पाच महिने लटकलेली. मग घरबसल्या एमसीक्यू. त्यात नेटची परीक्षा झाली, मुलांची नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. विद्यापीठाच्या पातळीवर आपलं काही चालत नाही, पण अंतर्गत गुण आपल्या हातात असतात. तिथे फोनवर तोंडी घ्या. प्रत्येकी आठ मिनिटं, साठ मुलं, आठ तास. दोघांनी वाटून घेतलं तर एका दिवसात होतं. नवे प्रश्न काढायची गरज नाही. त्याने पाठवलेलं उत्तर समोर ठेवायचं आणि विचारायचं, तिसऱ्या ओळीत हे समीकरण का घेतलंस? ज्याने लिहिलंय तो अडखळत का होईना सांगतो. ज्याने उतरवलंय त्याचा आवाज लगेच 'कट' व्हायला लागतो.

असं केलं की गुण खाली येतात, पालक येतात, कधी संस्थेतून फोन येतो. शेजारच्या विभागाने सगळ्यांना पंचेचाळीस दिलेले असतात आणि तुमच्याकडे तीस. तो वाईटपणा एकट्याने घेऊ नका. आधी विभागाच्या बैठकीत ठराव करा, प्राचार्यांची सही घ्या आणि मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. मी एकदा ठरावाशिवाय केलं होतं आणि दोन महिने खुलासे लिहीत बसलो.

एसटीच्या संपाने वेगळंच शिकवलं. नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत गाड्या जवळजवळ बंद. कॉलेज उघडलं आणि पास कागदाचा तुकडा झाला. तासगाव, कवठेमहांकाळकडची मुलं वडापने, म्हणजे खासगी गाड्यांनी यायची, रोजचं भाडं कुणालाच परवडणारं नाही. आम्ही त्या मुलांचे सगळे प्रॅक्टिकल सहा दिवसांत विखुरलेले होते ते उचलून दोन सलग दिवसांत बसवले, सकाळ-दुपार. म्हणजे आठवड्यात दोनच फेऱ्या. दुसऱ्या विभागांशी भांडून हे करावं लागलं, कारण प्रत्येकाला आपला शनिवार प्रिय असतो. आजही पुरानंतर रस्ते उखडतात तेव्हा हीच युक्ती वापरता येईल.

दुष्काळ तुमच्या तालुक्यात नाही, पण वसतिगृहात जत-आटपाडीची मुलं असतील. दुष्काळात कॉलेज बंद होत नाही, त्यामुळे कुणाला संकट दिसत नाही. मूल आधी मेसची एक वेळ बंद करतं, मग शनिवारी घरी जातं ते बुधवारी येतं. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत परीक्षा शुल्काची सवलत असते, पण ती रक्कम मिळेपर्यंत सत्र संपतं. मेसवाल्या काकूंना महिन्यातून एकदा विचारत जा. कोण जेवायला येत नाही हे त्यांना आपल्या हजेरीपटाच्या आधी कळतं.

आणि मुली. टाळेबंदीनंतर आमच्या एका वर्गातल्या चार परतल्या नाहीत, त्यातल्या तिघींची लग्नं झाली होती. त्यांचे फॉर्म भरलेले होते, ऑनलाइन परीक्षा दिलेल्या होत्या, म्हणून कागदावर त्या शिकतच होत्या. आमच्या सहकारी मॅडमनी एकीच्या सासूबाईंना स्वतः फोन केला. उपदेश केला नाही, परीक्षेच्या तारखा सांगितल्या आणि फॉर्म आम्ही भरतो म्हणाल्या. ती एक परत आली आणि पदवीधर झाली. संकट सुरू झाल्यापासून पहिल्या पंधरा दिवसांत जी मुलगी दिसत नाही तिच्या घरी फोन गेला पाहिजे. महिन्यानंतर उपयोग होत नाही.

तुमच्या विभागात तासिका तत्त्वावर किती जण आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. असणारच. सुट्टी लागली की त्यांचा तास नाही, तास नाही की पैसे नाहीत. टाळेबंदीत आमच्याकडचा एक नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, झालेला मुलगा बेदाण्याच्या शेडवर कामाला जायचा आणि रात्री मुलांना आवाजी नोंदी पाठवायचा. तो चांगलं शिकवायचा, पण किती दिवस? आराखड्यात स्पष्ट घाला की आणीबाणीत दिलेलं घरचं काम, तपासणी आणि तोंडी परीक्षा हे तास म्हणून धरले जातील. प्राचार्य हे वाक्य काढायला सांगतील. काढू नका.

नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी, याचं काय करायचं असं तुम्हाला विचारलं जाईलच. 'बेस्ट प्रॅक्टिस' म्हणून छान बसतं. पण आधी करा, मग लिहा. २०२० च्या मे-जूनमध्ये वेबिनारच्या सर्टिफिकेटांचा असा पूर आला होता की आयर्विनवरून गेला असता. माझ्याकडेही त्यातली बरीच आहेत.

त्या मुलीचं राहिलं. आम्ही २०२१ ला नेहमीचे प्रयोग दोन आठवडे बाजूला ठेवले आणि फक्त हात बसवले, ब्युरेट, पिपेट, तराजू, गाळणं. मामाच प्रत्येकाशेजारी उभे राहून सांगायचे, "डावा हात कॉकला, उजव्याने फ्लास्क फिरव." काही सहकाऱ्यांना हे बी.एस्सी.ला न शोभणारं वाटलं. डिसेंबरात तिची वही माझ्याकडे आली. रीडिंग होती ९.८, १०.१, १०.१, आणि पहिल्यापुढे तिने कंसात लिहिलं होतं, 'घाई झाली'. मी सही केली.

तुम्ही आराखडा लिहायला बसण्याआधी एक करा. तुमच्या कॉलेजच्या जुन्या शिपाईमामांना विचारा, पायरीला पाणी लागतं तेव्हा आयर्विनला किती फूट असतं. त्यांना पाठ असेल, आणि २०१९ ची खूण भिंतीवरही असेल. माझे ३५-४०-४५ सांगलीतल्या एका इमारतीचे आहेत, तुमचे वेगळे निघतील.